घराच्या नावाची पाटी चिनीमातीत: हाताचे रेखाटन आणि संगणक यांची सांगड कशी घालावी

पणजीच्या फोंतेन्हास भागात घरांच्या भिंतींवर जडवलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सवरील नावे आणि क्रमांक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याही दाराशी अशी पाटी असावी असे वाटते. चित्र काढता येते, संगणकही हाताळता येतो, पण कागदावरचे चित्र भट्टीतून सुखरूप बाहेर पडलेल्या टाइलपर्यंत कसे न्यायचे हे सलग सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. चित्रकाराला भट्टीची भीती वाटते, कुंभारकाम करणाऱ्याला फाइलची, आणि प्रिंटिंगच्या दुकानात या दोन्हींची माहिती नसते. ही वाट स्वतः चालून झाल्यावर नवशिक्यांसाठी हा लेख लिहीत आहे. उदाहरणासाठी आडव्या तीन आणि उभ्या दोन अशा एकूण सहा टाइल्सची, देवनागरीत घराचे नाव आणि भोवती वेलबुट्टी असलेली पाटी घेतली आहे.

१. कोणते काम हाताचे आणि कोणते यंत्राचे, हे आधी ठरवा

माझे मत स्पष्ट आहे. रेषा हाताची असावी, मोजमाप संगणकाचे असावे आणि शेवटचा रंग पुन्हा हाताचा असावा. संगणक चित्र लहान-मोठे करतो, सहा तुकड्यांत बिनचूक विभागतो आणि तीच वेल चारही कोपऱ्यांत फिरवून देतो. ही कामे त्याला द्यावीत. मात्र कुंचल्याच्या रेषेचा जाड-बारीकपणा त्याच्याकडून ‘सुधारून’ घेऊ नये, कारण मग पाटी हाताची न वाटता बाजारातल्या छापील टाइलसारखी दिसते.

यंत्राची मदत घेणे म्हणजे फसवणूक, असे काहींना वाटते. पण ही मदत नवी नाही. जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली इंग्लंडमधील लिव्हरपूलमध्ये, छापील चित्र टाइलवर उतरवण्याच्या पद्धतीने सहा तासांत १,२०० टाइल्स छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले होते. आजचे डिकल (खास कागदावर छापून टाइलवर सरकवायचे चित्र) हे त्याच कल्पनेचे वंशज आहे.

कामाला लागण्यापूर्वी दोन ठिकाणे जमल्यास पाहून घ्या. पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांचे १९३५ सालचे टाइल-फलक आहेत. एकाच निळ्या रंगाच्या पातळ-दाट छटांतून खोली कशी साधते आणि चित्र सांध्यांवरून कसे पुढे जाते, हे तिथे जवळून न्याहाळता येते. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेत घडलेली भांडी आहेत. त्यांच्यावरची कुंचल्याची रेषा भांड्याच्या गोलाईबरोबर कशी वळते, तेवढे पाहिले तरी पुष्कळ शिकायला मिळते.

२. साहित्य जमवा

चित्रासाठी गुळगुळीत जाड कागद, लांब केसांचा गोल कुंचला आणि काळी शाई लागेल. संगणकाच्या बाजूला सपाट काचेचा स्कॅनर हवा, आणि सॉफ्टवेअर म्हणून कृता किंवा जिम्प व इंकस्केप पुरेसे आहेत. ही तिन्ही मोफत मिळतात, त्यामुळे सुरुवातीलाच महागड्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरण्याचे कारण नाही. शिवाय स्टीलची पट्टी, ट्रेसिंग पेपर, बारीक सुई, कोळशाची वस्त्रगाळ पूड, रबरी पट्टी, स्पंज आणि एन-९५ मास्क जवळ ठेवा. कोरड्या ग्लेझची (भाजल्यावर काचेसारखा थर होणाऱ्या लेपाची) पूड फुफ्फुसांना घातक असल्याने साधा कापडी रुमाल चालत नाही, आणि सांडलेली पूड झाडूने न लोटता ओल्या स्पंजानेच टिपावी.

टाइल्स दोन प्रकारे मिळवता येतात. पहिला प्रकार म्हणजे दुकानात मिळणारी, पांढरे ग्लेझ चढवून भाजलेली तयार टाइल. दुसरा म्हणजे एखाद्या स्टुडिओतून आणलेली, फक्त एकदा भाजलेली आणि ग्लेझ नसलेली बिस्क टाइल. सहा टाइल्स लागणार असतील तर दहा घ्या, कारण चाचणीसाठी आणि फुटतुटीसाठी त्याच खोक्यातल्या जादा टाइल्स लागतातच.

स्वतःची भट्टी विकत घेण्याची घाई करू नका. मुंबई-पुण्यातले अनेक पॉटरी स्टुडिओ दुसऱ्याचे काम शुल्क घेऊन भाजून देतात. मात्र ते किती तापमानाला भाजतात, एवढी विचारपूस टाइल विकत घेण्यापूर्वीच करावी.

३. चित्र शक्यतो मूळ मापातच काढा

आधी टाइल मोजा. दुकानदार जिला ‘सहा बाय सहा’ म्हणतो, ती अनेकदा पूर्ण १५ सें.मी. भरत नाही. समजा प्रत्यक्ष माप १४.८ सें.मी. आहे आणि सांधे २ मि.मी.चे ठेवायचे आहेत. मग पाटीची रुंदी ४४.८ सें.मी. आणि उंची २९.८ सें.मी. होते, आणि कागदावर तेवढीच चौकट आखावी. लहान कागदावर काढून नंतर चौपट मोठे केले, तर रेषेबरोबर हाताचा कंपही चौपट होतो.

टाइल स्वतः मातीपासून घडवणार असाल तर आकुंचन हिशेबात घ्या. ओल्या मातीपासून पूर्ण भाजणीपर्यंत माती साधारण ८ ते १२ टक्के आक्रसते. आकुंचन १० टक्के असेल तर हव्या असलेल्या मापाला ०.९ ने भागा, म्हणजे १५ सें.मी.च्या टाइलसाठी ओली टाइल सुमारे १६.७ सें.मी.ची कापावी लागेल.

देवनागरी नावाच्या बाबतीत एक खास काळजी घ्यायची असते. दोन ओळींमधला आडवा सांधा शिरोरेषेवर किंवा तिच्या अगदी लगत येऊ देऊ नका, कारण तिथे शिरोरेषा आणि सांध्याची रेघ एकमेकींत मिसळून अक्षर डोके उडाल्यासारखे दिसते. उभा सांधा शिरोरेषेला छेदून गेला तरी बिघडत नाही. मात्र तो काना किंवा वेलांटीच्या दांडीवरून जाऊ नये. अनुस्वाराचा ठिपका सांध्यापासून किमान बोटभर दूर असावा.

४. स्कॅन करा, मोबाइलने फोटो काढू नका

मोबाइलच्या भिंगामुळे सरळ रेषांना किंचित बाक येतो, आणि ‘स्कॅनर’ म्हणवणारी अॅप्स कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात शाईच्या फिकट छटा खाऊन टाकतात. ए-४ मापाचा स्कॅनर असेल तर चित्र तुकड्यांत स्कॅन करावे, दोन तुकड्यांत तीन-चार सें.मी. भाग सामाईक ठेवावा आणि नंतर ते जोडावेत. रेषेच्या कामासाठी ६०० डीपीआय आणि ग्रेस्केल निवडा. ‘काळा-पांढरा’ पर्याय निवडल्यास राखाडी छटा तिथेच संपतात. आपली पाटी ६०० डीपीआयला सुमारे १०,६०० बाय ७,००० पिक्सेलची होते, तेव्हा जुन्या संगणकावर थोडा संयम लागेल. फाइल टिफ स्वरूपात जपावी, कारण जेपेग दर वेळी नव्याने साठवताना काठ खराब होत जातात.

५. सफाई करा, पण हात राखून

कागदाचा पिवळसरपणा आणि धुळीचे ठिपके काढण्यासाठी ‘लेव्हल्स’ (चित्रातला काळा-पांढरा कुठे सुरू होतो ते ठरवणारी सोय) वापरा. पांढऱ्याचे टोक आत ओढताना नजर मात्र रेषेच्या शेपटीवर ठेवा. ‘ळ’ची दुसरी गाठ पूर्ण करून कुंचला उचलला जातो, तिथे त्याचे केस विस्कटतात आणि शाईत केसाएवढ्या पांढऱ्या रेघा उरतात. त्या रेघा भाजणीनंतरही टाइलवर दिसतात आणि पाहणाऱ्याला हाताची ओळख पटवतात. लेव्हल्स फार ओढल्यास त्या बुजतात, आणि चित्राचे आपोआप व्हेक्टर (पिक्सेलऐवजी गणिती रेषांनी बनलेले चित्र) केल्यास त्यांची जागा एक गुळगुळीत, निर्जीव काठ घेतो. म्हणून व्हेक्टर फक्त अपरिहार्य असेल तिथेच करावे; ती जागा सातव्या पायरीत येईल.

नाव हाताने न लिहिता फॉन्टमधून घेणार असाल, तर फाइल दुसऱ्याला देण्यापूर्वी अक्षरांचे ‘कर्व्ह’ (फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्या) करून टाका. प्रिंटिंगच्या दुकानातल्या संगणकावर तुमचा युनिकोड फॉन्ट नसतो. तिथे जोडाक्षरे फुटतात, रफार सुटा पडतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीऐवजी उजवीकडे जाऊन बसते. दुकानदाराला मराठी येत असले तरी कामाच्या घाईत हे नजरेतून सुटते, आणि टाइल भाजून झाल्यावर त्यावर उपाय नसतो.

६. सहा तुकडे करताना सांधा वगळा

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. चित्राचे सहा सारखे तुकडे करून ते सांध्यासाठी दोन-दोन मि.मी. दूर सरकवले, तर तिरप्या रेषा सांध्यापाशी पायरी पडल्यासारख्या तुटतात. खिडकीच्या गजांमागे झाड असते तसा विचार करा: गजामागचा भाग दिसत नाही, पण फांदी पलीकडे योग्य जागीच निघते. त्याच न्यायाने ४४.८ बाय २९.८ सें.मी.च्या पूर्ण चित्रावर १४.८ सें.मी.चे सहा चौकोन २ मि.मी. अंतर ठेवून मांडा आणि मधल्या पट्टीतले चित्र सरळ सोडून द्या.

प्रत्येक तुकड्याच्या फाइलला ओळ आणि स्तंभ दाखवणारे नाव द्या, आणि टाइलच्या पाठीवरही तोच क्रमांक लिहा. पेन्सिलने लिहिलेला क्रमांक भट्टीत जळून जातो, म्हणून तो अंडरग्लेझ (ग्लेझच्या थराखाली वापरायच्या) रंगाने किंवा पाण्यात कालवलेल्या लोह ऑक्साइडने लिहावा.

छापताना आणखी एक सापळा आहे. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो, आणि तो चित्र न विचारता काही टक्के लहान करतो. १०० टक्के हे माप निवडा, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १० सें.मी.ची रेघ आखून ठेवा आणि छापून आल्यावर ती स्टीलच्या पट्टीने मोजा.

७. चित्र टाइलवर उतरवा

यासाठी तीन वाटा आहेत.

*खाका.* भरतकामाचा खाका ज्यांनी पाडला आहे त्यांना ही पद्धत नवी नाही, आणि टाइल रंगवणारे कारागीर युरोपातही शतकानुशतके हेच करत आले आहेत. छापलेल्या ट्रेसिंग पेपरवर रेषेवरून दर दीड-दोन मि.मी.ला सुईने भोक पाडा आणि कागदाची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, म्हणजे भोके मोकळी होतात. बिस्क टाइलवर पांढरे ग्लेझ चढवून ते कोरडे झाले की कागद त्यावर ठेवा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच टेकवत न्या. घासू नका, कारण न भाजलेले ग्लेझ खडूसारखे ठिसूळ असते. कोळसा भट्टीत जळून जातो आणि त्याचा मागमूस राहत नाही. या वाटेत संगणकाने फक्त माप दिलेले असते आणि टाइलवरची प्रत्येक रेषा पुन्हा कुंचल्याने काढावी लागते. न भाजलेले ग्लेझ रंगातले पाणी क्षणात शोषते, त्यामुळे कुंचला थबकला की तिथे डाग पडतो. आधी वाया गेलेल्या टाइलवर भरपूर सराव करा. एकच पाटी करायची असेल तर मी हीच वाट सुचवेन.

*डिकल.* तीच रचना अनेकदा करायची असेल किंवा मूळ रेषाच टाइलवर हवी असेल, तर डिकल घ्यावे. सिरॅमिक टोनरने खास कागदावर छापलेले चित्र कोमट पाण्यात सुमारे मिनिटभर भिजवले की कागदावरून सुटते आणि तयार, ग्लेझ असलेल्या टाइलवर सरकवता येते. ते सुलट बाजूनेच बसत असल्याने आरशातली उलटी प्रतिमा करण्याची गरज नसते. टाइल आधी स्पिरिटने पुसा, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे रंग धरत नाही. रबरी पट्टीने मध्यापासून कडेकडे पाणी आणि हवा काढा. आत राहिलेला बुडबुडा भट्टीत फुटतो आणि रेषेत पांढरी टिकली उरते. टाइलच्या गोलसर काठावर डिकल सुरकुतते, म्हणून ते चारही बाजूंनी अर्धा-एक मि.मी. लहान असावे. नंतर टाइल दिवसभर सुकू द्या.

डिकल छापणाऱ्याला चार गोष्टी विचारा: भाजणीचे तापमान किती, टोनरमध्ये किंवा वरच्या लेपात फ्लक्स (रंग वितळवून टाइलला धरवणारा पदार्थ) आहे का, रंग शिसेमुक्त आहेत का, आणि त्यांच्या छपाईचा रंग-प्रोफाइल मिळेल का. पडद्यावरचा लालभडक किंवा गुलाबी रंग सिरॅमिक टोनरमध्ये सहसा तसा उतरत नाही. निळा, काळा आणि तपकिरी मात्र विश्वासू आहेत. पांढरा रंग बहुधा छापला जात नाही, चित्रातला पांढरा म्हणजे टाइलचाच पांढरा. म्हणून पहिल्याच मागणीत १० ते १०० टक्क्यांपर्यंत दहा-दहाच्या टप्प्याने वाढणारी छटांची पट्टी छापून घ्या आणि ती जादा टाइलवर भाजून समोर ठेवा. यापुढचे सगळे निर्णय पडदा पाहून न घेता त्या टाइलकडे पाहून घ्यावेत.

*रेडियम कटिंग.* वाहनांच्या नंबरप्लेटवर अक्षरे लावणाऱ्या रेडियमवाल्याकडे कटिंग प्लॉटर असतो. त्याच्याकडून व्हिनाइलचा स्टेन्सिल कापून घेता येतो आणि सपाट रंगाच्या जाड अक्षरांना तो उत्तम बसतो. प्लॉटरला व्हेक्टर लागतेच, तेव्हा इंकस्केपमध्ये ट्रेस करा, अनावश्यक बिंदू कमी करा आणि दीड मि.मी.पेक्षा बारीक रेषा ठेवू नका. बहुतेक दुकानांत कोरल ड्रॉची जुनी आवृत्ती असते, म्हणून कोणती फाइल उघडेल हे आधीच विचारा. स्टेन्सिल बिस्क टाइलवर चिकटवून अंडरग्लेझ रंग स्पंजाने टेकवा, रंग किंचित ओलसर असतानाच व्हिनाइल सोलून काढा, आणि टाइल भट्टीत जाण्यापूर्वी त्याचा कणही मागे राहणार नाही याची खात्री करा.

गल्लोगल्ली मिळणाऱ्या ‘टाइलवर फोटो’ या सेवेला मात्र यांपैकी काहीही समजू नका. ते सब्लिमेशन असते: टाइलवरच्या प्लॅस्टिकसारख्या थरात सुमारे २०० अंशांना शाई मुरवलेली असते. दिवाणखान्यात ते टिकेल. कोकणातल्या उन्हापावसात ते फिके पडणार. भट्टीत न गेलेली छपाई बाहेरच्या भिंतीसाठी घेऊ नये, हा माझा ठाम सल्ला आहे.

८. हाताने रंग भरा

खाक्याच्या पद्धतीत रंग न भाजलेल्या ग्लेझवरच भरायचा असतो. कोबाल्ट ऑक्साइड कच्चे असताना काळे दिसते, त्यामुळे निळ्याची गडद-फिकट छटा डोळ्यांनी ठरवता येत नाही. पाण्याचे प्रमाण मोजून चाचणी टाइलवर नोंदवून ठेवा. डिकलच्या पद्धतीत आधी रेषा भाजून पक्की करावी आणि मग ओव्हरग्लेझ (भाजलेल्या ग्लेझवर द्यायच्या) रंगाचा पातळ हात द्यावा. भाजण्याआधी हा रंग कितीही वेळा पुसता येतो आणि खालची रेषा हलत नाही. नवशिक्याला यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही.

९. भाजणी

खाका किंवा स्टेन्सिलच्या टाइलसाठी, म्हणजे कमी तापमानाच्या ग्लेझसाठी, साधारण १,००० ते १,०६० अंश सेल्सियस लागते; ग्लेझच्या डब्यावर दिलेला आकडा अंतिम मानावा. तयार टाइलवरचे डिकल आणि ओव्हरग्लेझ रंग बहुधा ७५० ते ८५० अंशांत बसतात. डिकलचा वरचा लेप साधारण ५०० अंशांपर्यंत जळतो आणि त्याचा धूर उग्र असतो, म्हणून तोवर तापमान ताशी १००-१५० अंशांनी सावकाश वाढवावे, भट्टीचे झडप उघडे ठेवावे आणि खोली हवेशीर असावी. त्यानंतर झडप लावून भट्टी वेगाने चढवली तरी चालते. थंड होताना १०० अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडू नका, नाहीतर टाइल तडकते.

भाजण्यांचा क्रम उतरता ठेवावा, म्हणजे सर्वांत जास्त तापमानाचे काम आधी आणि कमी तापमानाचे नंतर. सोनेरी कड हवी असल्यास ती सगळ्यात शेवटी द्यावी.

ही सारी पद्धत भिंतीवरच्या शोभेच्या कामासाठी आहे. जेवणाच्या ताटल्यांवर ओव्हरग्लेझ रंग वापरायचे असतील, तर त्यातून शिसे आणि कॅडमियम झिरपते का याची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय त्यात अन्न वाढू नका.

१०. विक्री करणार असाल तर कागदपत्रे

स्वतःच्या घरापुरती पाटी असेल तर ही पायरी सोडून द्या. विकणार असाल तर मूळ रेखाटन, त्यावरची तारीख आणि मूळ स्कॅन जपून ठेवा, फॉन्ट व्यावसायिक वापरासाठी खुला असल्याचा परवाना तपासा, आणि दुसऱ्याचे चित्र वापरत असल्यास लेखी परवानगी घ्या. भारतात चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे ‘इंटरनेटवर मिळाले’ हे उत्तर पुरत नाही. आणखी एक तरतूद फारशी माहीत नसते: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी रचना नोंदवली नाही आणि तिच्या ५० पेक्षा जास्त वस्तू औद्योगिक पद्धतीने काढल्या, तर त्या रचनेवरचा स्वामित्वहक्क संपतो. तेव्हा डिकलची मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी जाणकार वकिलाला एकदा विचारून घ्या.

११. भिंतीवर बसवताना

सहाही टाइल्स आधी जमिनीवर क्रमाने मांडून फोटो काढा आणि तो गवंड्याच्या हाती द्या, कारण वेलबुट्टीच्या टाइल्स उलट्या लागल्याचे लांबून चटकन कळत नाही. दोन मि.मी.चे प्लॅस्टिकचे स्पेसर तुम्हीच आणून द्या. बऱ्याच गवंड्यांना टाइलला टाइल भिडवून लावण्याची सवय असते. सांध्यांत पांढरे किंवा फिकट राखाडी ग्राउट भरावे आणि ते वाळण्याआधी ओल्या स्पंजाने पुसावे. काम संपल्यावर फरशी धुण्यासाठी गवंडी जे अॅसिड वापरतात, ते ओव्हरग्लेझ रंगाची चकाकी खाते, म्हणून पाटीला अॅसिड लावायचे नाही हे काम सुरू होण्यापूर्वीच त्यांना बजावून ठेवा.